आधी हंडा, मग हिरवळ

सप्तशृंगगडावर वर्षातून दोन मोठे उत्सव भरतात. आश्विनातलं नवरात्र, त्याची गर्दी कोजागरीपर्यंत ओसरत नाही. आणि रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंतचा चैत्रोत्सव. देवी तीच, पायऱ्या त्याच, नारळ-ओटीची दुकानंही तीच. बदललेलं असतं ते पाणी. आश्विनात पाऊस नुकताच उघडलेला असतो, कुंडं भरलेली असतात, डोंगरउतारावर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. कोजागरीला कावडीवाले नर्मदा-तापीसारख्या लांबच्या नद्यांचं पाणी खांद्यावरून गडावर आणतात आणि त्या पाण्याने भगवतीला अभिषेक होतो. सहा महिन्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून खानदेशी माणसांच्या पायी दिंड्या उन्हातून गडाकडे निघतात, तेव्हा त्याच गडावरच्या तलावाचा तळ दिसू लागलेला असतो, घरांना काही दिवसांआड पाणी सुटत असतं आणि लॉजवाले टँकरच्या मागे लागलेले असतात.

हा गड ज्यात येतो त्या कळवण तालुक्यातल्या पर्यटनाची कुठलीही चर्चा या सहा महिन्यांच्या अंतरापासून सुरू व्हायला हवी. ती होते रस्त्यांपासून, वाहनतळांपासून, खोल्यांच्या संख्येपासून.

चर्चा होण्याजोगं घडतही आहे. 2018 मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि ज्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या अशा म्हाताऱ्या-अपंगांना काही मिनिटांत देवीच्या दारात जाता येऊ लागलं. ही सोय मोलाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. शेजारी, गुजरातच्या हद्दीत सापुतारा गजबजलेला आहे. त्याच्या पायथ्याशी सुरगाणा तालुक्यातल्या हतगड परिसरात हॉटेलं आणि रिसॉर्ट उभे राहिले आहेत. नाशिकला 2027 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे आणि त्र्यंबकला आलेला भाविक पुढे वणीच्या देवीला, म्हणजे सप्तशृंगीला, जाणार हे उघड आहे. नाशिकपासून गड साठ-पासष्ट किलोमीटरवर. जमिनीचे दलाल नकाशा पाहतात तेव्हा त्यांना डोंगर दिसतो, धरणाचा फुगवटा दिसतो, देवस्थान दिसतं आणि शहराचं अंतर दिसतं. या चार गोष्टी जिथे जुळल्या, तिथे आधी फार्महाऊस येतं, मग तरणतलाव, मग लॉन आणि पैसा मोठा असेल तर गोल्फ.

कळवण तालुक्यात आज गोल्फचं मैदान नाही. नाशिकमध्ये त्या खेळाचं नाव एका मैदानाला चिकटून राहिलं आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणतात आणि तिथे सकाळी चालायला जातात. रणजीचे सामने तिथे होतात. डोंगर आणि धरण यांच्या जोडीने गोल्फ कसं येतं, हे मात्र राज्याने पाहिलेलं आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीत 18 होलचं मैदान झालं. मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठावर लवासा उभं राहिलं, त्याच्या आराखड्यातही गोल्फ होतं. वरसगावचं पाणी पुण्याला जातं आणि लवासाने वरच्या अंगाला घातलेल्या छोट्या बंधाऱ्यांवरून त्या काळी मोठा वाद झाला. 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर कापायचे ते कापून झाले होते.

म्हणून हिशेब आधी मांडलेला बरा, आणि तो कुणालाही वहीत मांडता येतो.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. कळवणसारख्या भागात एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवं ठेवायचं तर रोज पाच मिलिमीटर पाणी धरणं म्हणजे हात आखडूनच धरणं झालं. गोल्फच्या 18 होलच्या मैदानात सगळी जमीन भिजवावी लागत नाही. तरी 20 हेक्टर हिरवळ धरली, तर रोजचं पाणी दहा लाख लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर देण्याचं ठरलेलं आहे. त्या मापाने दहा लाख लिटर म्हणजे 18 हजार माणसांचं रोजचं पाणी.

गोल्फ दूरचं वाटत असेल तर एक एकर लॉन घ्यावं. लग्नाच्या लॉन्सना तेवढी जागा लागतेच. एका एकराला त्याच मापाने रोज सुमारे 20 हजार लिटर लागतात, म्हणजे साडेतीनशेहून जास्त माणसांचं पाणी. एखाद्या आदिवासी पाड्यावर एवढीच वस्ती असते. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तरणतलाव एकदा भरायला एक लाख लिटर लागतात आणि उन्हाळ्यात त्यातलं काही पाणी रोज हवेत उडून जातं.

आता यावर जो आक्षेप घेतला जाईल, तो कच्चा नाही. चणकापूर धरणाची क्षमता सुमारे 2,427 दशलक्ष घनफूट आहे. जानेवारी ते मे हे पाच महिने गोल्फचं मैदान रोज दहा लाख लिटरने भिजवलं, तरी ते जेमतेम सव्वापाच दशलक्ष घनफूट होतात. धरणाच्या चोवीसशेत पाच म्हणजे काय? पर्यटनाच्या बाजूने बोलणारा माणूस हा आकडा पुढे करणार आणि बैठकीत सगळ्यांच्या माना डोलणार.

पण धरण भरलेलं असतं ते सप्टेंबरात. केमच्या डोंगरात उगवणारी गिरणा कळवणमधून देवळा, सटाणा, मालेगावकडे जाते आणि पुढे नांदगाव तालुक्यात गिरणा धरणात अडते. तिथून खाली जळगाव जिल्हा तिच्यावर अवलंबून आहे. चणकापूर ब्रिटिशांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं गेलं, तेव्हापासून त्याच्या पाण्याचे वाटेकरी वाढतच आले आहेत. मालेगावसारखं मोठं शहर त्यातून पितं. नदीकाठच्या गावांच्या पाणीयोजना आवर्तनावर चालतात: नदीत पाणी सुटलं की विहिरी भरायच्या आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत पुरवायच्या. कालव्यावर उन्हाळ कांदा आहे. मे महिन्यात धरणात जे उरतं ते आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर असतं. त्यातले पाच दशलक्ष घनफूट काय किंवा पन्नास काय, कुणाच्या तरी वाट्यातून काढल्याशिवाय मिळत नाहीत.

शिवाय रिसॉर्ट धरणातून पाणी घेत नाही. तो बोअर घेतो. पाचशे फूट, सातशे फूट, लागेपर्यंत. सह्याद्रीच्या या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात ते साठतं. खाली एका भेगेला सुई लागली की वरच्या अंगाची विहीर, जी आजोबांनी खणली आणि जिच्यावर पाडा जगला, ती मार्चमध्येच कोरडी पडू शकते. धरणाच्या हिशेबात पाच दशलक्ष घनफूट किरकोळ दिसतात. हजार वस्तीच्या गावाला मात्र 55 लिटरच्या मापाने वर्षभराला दोन कोटी लिटर लागतात आणि गोल्फच्या मैदानाचे पाच महिने होतात 15 कोटी लिटर. एका मैदानात अशी सात गावं वर्षभर पितील. कुठल्या भांड्याने मोजायचं हे ठरवणारा माणूस निकालही ठरवून जातो, म्हणून मोजणी धरणाशी न करता पाड्याच्या विहिरीशी व्हायला हवी.

या तालुक्याला पाण्यावरून भांडण नवं नाही. पुनद नदीवरच्या धरणाला ‘अर्जुनसागर’ म्हणतात, ते कळवणचे दीर्घकाळ आमदार आणि राज्याचे मंत्री राहिलेले ए. टी. पवार यांच्या नावावरून. त्याची क्षमता सुमारे 1,306 दशलक्ष घनफूट. या धरणातून सटाणा शहराला थेट जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा कळवणच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. 2018-19 मध्ये आंदोलनं झाली, पोलिस बंदोबस्तात काम करावं लागलं. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की पाणी नदीपात्रातून सोडलं तर वाटेवरच्या विहिरी भरतात, बंद पाइपात घातलं तर वाटेवरचा माणूस कोरडा राहतो. सटाणेकरांचं म्हणणं होतं की नदीतून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मं जिरतं आणि उन्हाळ्यात आम्ही प्यायचं काय? दोघंही खरं बोलत होते. पिण्याच्या पाण्यासाठी, तेही शेजारच्या तालुक्यातल्या आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांसाठी, इतकं रण पेटलं. तिथे उद्या कुणी हिरवळीसाठी पाइप टाकायला आला तर काय होईल, याचा विचार परवानगीवर सही करणाऱ्याने आजच करून ठेवावा.

गडावरची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण गडाच्या वर दुसरा डोंगर नाही. साडेचार हजार फुटांच्या आसपासच्या या माथ्यावर पाणी येणार ते आभाळातून किंवा खालून टँकरने. पाऊस भरपूर पडतो. 2022 च्या जुलैत तो इतका कोसळला की मंदिराच्या पायऱ्यांवरून लोंढा वाहिला, भाविक त्यात सापडले, काही जखमी झाले. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. ते पाणी काही तासांत दरीत गेलं. अडवायला जागा आहे ती मुख्यतः भवानी पाझर तलावाची. पाझर तलाव मुळात बांधतात तो पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवण्यासाठी. त्याच्या तळाला पाणी धरून ठेवण्याची सक्ती केलेलीच नसते. गडावर मात्र गावाची तहान त्याच्यावर टाकलेली आहे. तलाव गळतो, ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. ती गळती थांबवणं हे या गडावरचं पर्यटनाचं पहिलं काम आहे. त्यानंतर कमानी, त्यानंतर रोषणाई.

चैत्रोत्सवात एखाद्या दिवशी एक लाख माणूस वर आला आणि प्रत्येकाने हात-पाय धुण्यापासून पिण्यापर्यंत मिळून पाचच लिटर पाणी वापरलं, तरी पाच लाख लिटर होतात. पाच लिटर म्हणजे एक कळशीही भरत नाही. पायी आलेला खानदेशी भाविक तेवढंच वापरतो. तो झाडाखाली भाकरी सोडतो, बाटली भरून घेतो, दर्शन घेऊन उतरतो. वातानुकूलित खोलीत उतरलेला पाहुणा शॉवरखाली उभा राहिला की एकटाच शंभर-दीडशे लिटर वापरतो. गर्दीचा आकडा सारखाच राहिला आणि मुक्कामाची पद्धत बदलली, तरी पाणी वीसपट-तीसपट होतं. पर्यटनाच्या आराखड्यांत माणसं मोजली जातात. ती कशी राहणार आहेत हे मोजलं जात नाही.

महाबळेश्वराचा अनुभव समोर आहे. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इंग्रजांनी वसवलेल्या त्या थंड हवेच्या ठिकाणी क्लब आला, खेळ आले. वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनी बांधवला, शहराला पाणी मिळावं म्हणून. आज पर्यटकाला तो नौकाविहारासाठी माहीत आहे. पण महाबळेश्वर आणि पाचगणी अजूनही त्याच तलावावर विसंबून आहेत आणि ऐन हंगामात त्याची पातळी घसरली की दोन्ही गावांचा जीव खालीवर होतो. माथेरानला शार्लट तलाव आहे, तरी खालून नेरळहून पाणी चढवावं लागतं. 2018 च्या मे-जूनमध्ये सिमल्याची अवस्था अशी झाली की तिथल्या लोकांनीच पर्यटकांना कळवलं, सध्या येऊ नका. उन्हाळ्यात माणसं डोंगरावर जातात आणि उन्हाळ्यातच डोंगर सर्वांत कोरडा असतो. डोंगरावरच्या प्रत्येक पर्यटनगावाला ही अडचण आहे आणि वर्षाच्या पावसाचा आकडा ती झाकून टाकतो.

गोल्फवरून लोक भडकतात ते खेळाच्या रागाने नव्हे. गोव्याच्या टोकाला, सिंधुदुर्गाला खेटून तेरेखोल नावाचं छोटं गाव आहे. तिथे हॉटेल कंपनीच्या गोल्फ रिसॉर्टला गावाने विरोध केला. जमिनी, कुळांचे हक्क, काजूच्या बागा असा सगळा संसार त्या मैदानाखाली जाणार होता. मेक्सिकोत तेपोस्तलान नावाचं डोंगराच्या कुशीतलं जुनं गाव आहे, राजधानीतले लोक सुट्टीला जातात असं. 1995 मध्ये तिथे गोल्फ आणि बंगल्यांचा मोठा प्रकल्प आला. हिरवळीने गावाचं पाणी ओढलं जाईल या भीतीने गाव उठलं, नगरपालिकेची इमारत ताब्यात घेतली. 1996 च्या एप्रिलमध्ये मोर्चावर गोळीबार होऊन एक आंदोलक मेला आणि त्यानंतर कंपनीने प्रकल्प सोडला. फ्रान्समध्ये 2022 च्या दुष्काळात शेतीवर, घरच्या बागांवर पाण्याची बंधनं आली आणि गोल्फच्या ‘ग्रीन’ना सूट मिळाली, तेव्हा तुलूजजवळ कार्यकर्त्यांनी मैदानातले होल सिमेंटने बुजवले. आणि आपल्याकडे 2016 साली, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी कशाला, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. क्रिकेट बोर्डाने तेव्हा रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं सांगितलं होतं. तरीही सामने गेले. शेजारी हंडे रांगेत असताना हिरवळ भिजताना दिसणं माणसाला सहन होत नाही, आणि ते सहन व्हावं अशी अपेक्षाही करू नये.

सांडपाण्याचा तो मुद्दा मात्र नीट तपासायला हवा, कारण हल्ली प्रत्येक प्रकल्प अहवालात तो उत्तरासारखा लिहिलेला असतो. दोनशे पाहुण्यांचं हॉटेल असेल, माणशी सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी वापरत असेल, तर त्याच्याकडे रोज सुमारे 20 हजार लिटर सांडपाणी जमतं. ते नीट शुद्ध केलं तर एक एकर बाग त्यावर जगू शकते. हे जमण्यासारखं आहे आणि असं करणाऱ्या हॉटेलाचं स्वागतच व्हावं. गोल्फला रोज दहा लाख लिटर लागतात. गावातल्या माणसाला मिळणाऱ्या 55 लिटरचं चार-पंचमांश सांडपाणी होतं असं धरलं, तर तेवढं पाणी जमायला 23 हजार वस्तीचं पूर्ण भुयारी गटार असलेलं शहर शेजारी हवं. गडावर तसं शहर नाही, पायथ्याच्या नांदुरीला नाही, अभोण्यालाही नाही. तेव्हा ‘सांडपाण्यावर गोल्फ’ हे वाक्य या तालुक्यापुरतं कागदावरच राहणार. प्रत्यक्षात बोअर चालणार.

काही लोक विचारतील, कांद्यालाही पाणी लागतंच की. लागतं. एका एकरातल्या उन्हाळ कांद्याला पूर्ण हंगामात साधारण 15 ते 20 लाख लिटर पाणी लागतं. एका एकर हिरवळीला जानेवारी ते मे या पाच महिन्यांत 30 लाख. पण फरक केवळ या आकड्यांचा नाही. कांद्याच्या त्या एकरामागे रोप टाकणारी बाई आहे, लागणीला आलेल्या मजुरांची टोळी आहे, काढणी, पात कापणी, निवड, चाळीत भरणं, पिकअप, लिलाव, मापारी, हमाल आहेत. कळवण आणि अभोण्याच्या बाजारात त्या एकरातून निघालेला पैसा किराणा दुकानापर्यंत, मुलाच्या फीपर्यंत जातो. आणि भाव पडला, पाणी संपलं, तर शेतकरी पुढच्या वर्षी कांदा कमी लावू शकतो. हिरवळ एका वर्षापुरती पडीक ठेवता येत नाही. ती वाळली की धंदा बसला. टंचाईच्या वर्षात जो ग्राहक मागे हटूच शकत नाही, त्याला पाणीवाटपात घेणं म्हणजे इतरांना आधीच मागे ढकलणं.

रोजगाराचा मुद्दा राहतो आणि तो इथे हलका नाही. कळवण तालुक्यातले तरुण द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात, नाशिकच्या सातपूर-अंबडला जातात. गडावरचं सगळं गाव यात्रेवर जगतं: प्रसादाची दुकानं, भोजनालयं, जीपवाले, फोटोवाले. हॉटेल वाढलं तर खोल्या झाडायला, स्वयंपाकाला, गाडी चालवायला माणसं लागतील, आणि घरापासून जवळ मिळालेल्या पगाराची किंमत बाहेरगावी राहिलेल्यालाच कळते. म्हणून पर्यटन नकोच, असं म्हणणारा माणूस या तालुक्याचं भलं चिंतत नाही. मात्र हे रोजगार खोल्यांतून, जेवणातून, गाइडच्या कामातून येतात. धोडप, मार्कंड्या, हतगडसारखे किल्ले आणि डोंगर, चणकापूरचा काठ, रानभाज्या, डोंगरी भाताची आणि नागलीची पंगत, कोकणा-भिल्ल वस्त्यांतलं घरगुती मुक्कामाचं पर्यटन यांना पाणी फार लागत नाही आणि पैसा गावातच राहतो. पावसाळा आणि हिवाळा हे इथले खरे देखणे महिने. हंगाम तिकडे वळवता आला तर मे महिन्यावरचा भार आपोआप हलका होतो.

कायदा याबाबतीत मुका नाही. 2003 च्या राज्य जलनीतीत पाण्याचा क्रम लावताना करमणुकीचा वापर पिणं, उद्योग आणि शेती यांच्या मागे ठेवलेला होता. पुढे 2011 मध्ये शेतीला उद्योगाच्या पुढे आणलं गेलं. अडचण अशी की हॉटेलचं पाणी व्यापारी वापरात धरलं जातं आणि त्याच नळातून लॉन भिजतं, तलाव भरतो. खोलीतली बादली आणि बाहेरची हिरवळ एकाच मीटरवर आली की करमणूक गुपचूप वरच्या पायरीवर चढते. दोन्हींची मोजणी वेगळी करणं, एवढं एक काम पाटबंधारे खात्याने आणि जिल्हा परिषदेने केलं तरी बरंच उघड होईल. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम 1993 पासून आहे. तो तलाठी आणि ग्रामसेवकापर्यंत पोचलेला आहे. बोअरच्या गाडीपर्यंत पोचवायचा आहे.

याहून मोठं हत्यार लोकांच्या हातात आहे. कळवण तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. गावाच्या हद्दीतल्या पाणीसाठ्यांवर ग्रामसभेचं म्हणणं घेणं त्यात बंधनकारक आहे. ग्रामसभेपुढे आज येतो तो बहुतेक वेळा ‘ना हरकत’ असा एका ओळीचा ठराव. तिथे यायला हवा पाण्याचा ताळेबंद: रिसॉर्टच्या खोल्या किती, बाग किती गुंठे, तरणतलाव किती लिटरचा, एप्रिल-मेत पाणी कुठून, टँकर आला तर कुठल्या विहिरीवर भरणार, आणि गावात टंचाई जाहीर झाली त्या दिवशी कोणता नळ आधी बंद होणार. शेवटच्या प्रश्नाचं लेखी उत्तर नसेल तर ठराव पुढच्या सभेला ढकलावा.

आणि हे या खोऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. मोसम, आरम, पांझरा, गिरणेच्या काठांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाखाली गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाटकरी पाणी सोडणार, जागले पिकाची राखण करणार, पाट साफ करायला सगळे येणार. पाऊस कमी झाला की यंदा कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा हे पेरणीच्या आधी ठरायचं आणि तुटीचा भार सगळ्यांवर वाटला जायचा. मोठी धरणं आणि मोटरपंप आल्यावर फड मागे पडले. पण तूट आधी जाहीर करायची आणि मग मागण्या ऐकायच्या, ही त्यांची रीत आजच्या पर्यटन आराखड्याला जशीच्या तशी लावता येते. आज उलटं होतं. आधी खोल्या मंजूर होतात, मग पाणी शोधलं जातं.

डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी, आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली होती. पलीकडे सापुताऱ्याचा तलाव, बोटी, दिवे. अलीकडे रस्ता नाही, दवाखाना लांब, उन्हाळ्यात पाणी नाही. ती मागणी राजकीय चर्चेत विरली. सुरगाणा आणि कळवण यांच्यात एकच डोंगररांग आहे. या रांगेत जो कोणी पर्यटन आणेल, त्याच्या हिरवळीकडे शेजारच्या पाड्यावरून कोण पाहत असेल, हे त्या गावांनी तेव्हाच सांगून टाकलं आहे.

गडापुरतं बोलायचं तर करण्याची कामं स्पष्ट आहेत. भवानी तलावाची गळती बंद करणं आणि गाळ काढणं. भक्तनिवास, ट्रॉलीचं स्थानक, व्यापारी संकुल, लॉज अशा प्रत्येक मोठ्या छपराचं पावसाचं पाणी बंद टाक्यांत साठवणं. हजार चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर होतात, आणि गडावर छपरं पुष्कळ आहेत. जुनी कुंडं साफ करून त्यांत निर्माल्य आणि प्लास्टिक जाऊ न देणं. नव्या लॉजला परवानगी देताना टाकीची क्षमता खोल्यांच्या संख्येशी बांधणं. गडावर तरणतलाव आणि लॉन यांना मनाई करणं, अगदी सरळ शब्दांत. यातलं सगळ्यात तातडीचं काम तलावाचं आहे आणि त्याला मुहूर्त एकच असतो. तलाव कोरडा पडतो एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, जेमतेम पाच-सहा आठवडे. निविदा, मंजुरी, कामाचा आदेश हे सगळं फेब्रुवारीतच हातात हवं, नाहीतर यंत्रं वर चढेपर्यंत पाऊस येतो आणि काम पुढच्या वर्षावर जातं.